टेस्ट ड्राइव्ह सगळ्यात शेवटी: जुनी वेगवान गाडी घेण्याचा आणि सांभाळण्याचा क्रम

रविवारी सकाळी जाहिरात दिसते. दुपारी गाडी बघायला जाणं होतं. मालक किल्ली पुढे करतो, "चालवून तर बघा." तिसऱ्या गिअरला टर्बोची ओढ पाठीला जाणवते आणि संध्याकाळी सहाच्या आत टोकन गेलेलं असतं. आरसीवर बँकेचा बोजा आहे हे मंगळवारी कळतं. गिअरबॉक्सचं दुखणं कळायला महिना लागतो.

बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, खूर बघतो, आणि मग गाडीला जुंपून बघतो. आपण आधी जुंपतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. काय तपासायचं हे थोडंफार सगळ्यांना माहीत असतं, पण चालवून झाल्यावर तपासायची इच्छाच उरत नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. एखादा वगळावासा वाटला, तर समजा की गाडी मनात भरली आहे आणि आता तो टप्पा जास्तच गरजेचा आहे.

नमुना म्हणून मी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय धरली आहे. खऱ्या अर्थाने ही स्पोर्ट्‌स कार नाही, पण आपल्याकडे पाच-सहा लाखांत वेगाची हौस भागवायची तर बहुतेक जण हिच्यापाशीच येऊन थांबतात. आरटीओची प्रक्रिया महाराष्ट्राची आहे.

## टप्पा १: गाडी शोधण्याआधी पैसे वेगळे काढा

तुमच्याकडे सहा लाख असतील, तर साडेचार लाखांची गाडी शोधा. उरलेले दीड लाख गाडीचेच आहेत, फक्त ते मालकाला द्यायचे नाहीत. त्यातला काही भाग ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिसला जाईल. बाकीचा वर्षभर बँकेत पडून राहू द्या.

हे का, तर जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. मर्सिडीज एसएलके ही दोन सीटची, पत्र्याचं छप्पर घडी होणारी गाडी काही वर्षांनी नव्या सेदानच्या भावात मिळते. छप्पर उघडणारी हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली की मात्र बिल मर्सिडीजचंच येतं. पोलोच्या बाबतीत आकडे लहान आहेत, हिशेब तोच आहे.

आणखी दोन गोष्टी आधी ठरवा. एक, घरात दुसरी गाडी किंवा निदान स्कूटर आहे का? ही गाडी पार्टची वाट बघत आठ-पंधरा दिवस गॅरेजला उभी राहू शकते. दोन, पार्किंगचा उतार. खालून घासणारी गाडी रोज सोसायटीच्या तळघरात उतरवायची असेल, तर आधी मित्राची तशी गाडी आणून बघा.

सावधान: एवढ्या जुन्या गाडीसाठी कर्ज काढू नका. व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त लागतं, आणि हप्ता चालू असताना गिअरबॉक्सचं बिल आलं तर गाडी तशीच अंगणात उभी राहते.

## टप्पा २: एकच मॉडेल निवडा आणि त्याचं दुखणं पाठ करा

"काहीतरी फास्ट हवं" असं म्हणत चार मॉडेलं बघत फिरलात, तर चारही गाड्यांच्या मालकांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती असणार. एका मॉडेलवर या. निवडायला ही तीन घ्या.

पोलो जीटी टीएसआय, २०१३ पासून. पुण्याजवळच्या चाकणला बनलेली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (ओढ) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये हे इंजिन जाऊन १.० टीएसआय आलं, ११० पीएसचं, आणि त्यासोबत सहा गिअरचा साधा, तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक किंवा सहा गिअरचा मॅन्युअल. २०२२ मध्ये पोलोचं भारतातलं उत्पादन बंद झालं. बजेट ताणता येत असेल तर २०२० नंतरची घ्या, खालचा निम्मा डोकेदुखीचा भाग आपोआप गळतो.

अबार्थ पुंतो, २०१५. रांजणगावची. १.४ टर्बो, १४५ पीएस, २१२ एनएम, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क. चालवायला माझ्या मते या यादीतली सगळ्यात मजेदार. पण फियाटचा ब्रँड भारतातून गेला आहे. बंपर, हेडलॅम्प, टर्बोचे पाइप कुठून मिळतील याचं उत्तर खिशात असल्याशिवाय हिच्या वाट्याला जाऊ नका.

बलेनो आरएस, २०१७. १.० बूस्टरजेट टर्बो. बॉडीचे आणि आतले बरेचसे पार्ट साध्या बलेनोचे असल्यामुळे सांभाळायला सोपी. इंजिनाचे खास पार्ट मात्र आधी विचारून घ्या.

आता पोलोचं दुखणं. तिचा डीएसजी म्हणजे डीक्यू२०० नावाचा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स. त्यात दोन क्लच असतात. एक १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रांगेत सरकत राहिलं की तापतात आणि झिजतात. त्यांना हलवणारं डोकं म्हणजे मेकॅट्रॉनिक: कंप्युटर, व्हॉल्व्ह आणि तेलाचा दाब साठवणारा भाग एकाच डब्यात. हा दाब टिकेनासा झाला किंवा डब्याला तडा गेला, की गाडी गिअर टाकत नाही. स्कॅनरवर अशा वेळी पी१७बीएफ हा कोड हमखास भेटतो. नवं मेकॅट्रॉनिक बसवायचं तर खर्च लाखाच्या वर जातो, सोबत क्लचही बदलायचे निघाले तर बिल गाडीच्या किमतीच्या अर्ध्याला भिडू शकतं.

म्हणून पोलो बघायला जाताना पहिला प्रश्न हा: क्लच किंवा मेकॅट्रॉनिक बदललंय का, कधी, आणि बिल आहे का? पक्कं बिल असलेली गाडी वीस-तीस हजारांनी महाग असली तरी स्वस्त पडते.

तपासा: गाडीच्या आधी मेकॅनिक शोधा. आपल्या शहरात डीएसजी उघडणारा, योग्य स्कॅनर बाळगणारा माणूस आहे का? त्याला फोन करा, "गाडी दाखवायला आणली तर बघाल का, किती घ्याल" हे ठरवा. कुणीच मिळत नसेल, तर मॉडेल बदला.

## टप्पा ३: घरबसल्या कागद

गाडी बघायला जायच्या आधी व्हॉट्सॲपवर आरसीच्या दोन्ही बाजू, विम्याची पॉलिसी आणि चॅसिस नंबरचा फोटो मागवा. जो देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. "या तर खरं, इथे सगळं आहे" असं म्हणणाऱ्याकडे सहसा सगळं नसतं.

१. परिवहन किंवा एमपरिवहनवर नंबर टाका. कितवा मालक, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, आणि मुख्य म्हणजे हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा). कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवावा लागतो. बँकेच्या एनओसीला मुदत असते, तीही बघा.

२. ई-चलान. महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा साइटवर थकीत दंड दिसतो. वेगवान गाडी आहे, एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत; चलान नसेल तर मलाच आश्चर्य वाटतं. रक्कम लिहून ठेवा.

३. सर्व्हिसचा इतिहास. मालकाच्या परवानगीने अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन नोंदी मागा. प्रत्येक नोंदीसमोर किलोमीटर असतात. २०१९ ला ६८ हजार आणि आज ५५ हजार, असं प्रकरण इथे उघडं पडतं. मधली तीन वर्षं कोरी असतील तर बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा. "माझा घरचाच मेकॅनिक आहे" याला बिल म्हणत नाहीत.

४. दुसऱ्या राज्याची गाडी. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात. २०१५ पासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, त्यामुळे वय वाढेल तसा तिथला भाव पडतो. पण ती गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि मूळ राज्यातल्या टॅक्सच्या परताव्यासाठीचे हेलपाटे. हे सगळं मिळवून मगच एमएच पासिंगच्या गाडीशी तुलना करा. बहुतेक वेळा फरक उरत नाही.

५. नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवून घ्यावी लागते. बसवली नसेल तर ट्रान्सफरला गाडी अडते. विकणाऱ्यालाच आधी करायला सांगा.

सावधान: "ओपन २९-३० देतो, नाव तुम्ही सावकाश लावा" असं कुणी म्हणालं की उठा. मालकी हस्तांतराचे हे सही केलेले कोरे फॉर्म घेऊन फिरणारी गाडी मधल्या दोन-तीन हातांतून आलेली असते आणि खरा मालक फोन उचलत नाही. "मालक परदेशात आहे, मी त्याचा मित्र" हेही तसंच.

## टप्पा ४: थंड इंजिन, भरपूर उजेड

सकाळी जा. आदल्या रात्री मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवणं. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड गाडी चालू करताना जे ऐकू येतं ते गरम गाडी लपवते.

आधी बॉडी. दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? बॉनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का? काचांच्या कोपऱ्यातले उत्पादनाचे शिक्के एकाच वर्षाचे आहेत का? पेंटची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एखाद्या दरवाजावर २५० दिसलं तर रंग पुन्हा मारलाय, हजाराच्या घरात दिसलं तर खाली पुट्टी आहे. बंपर रंगवलेला असणं गुन्हा नाही, आपल्या रस्त्यांवर तो घासतोच. छत आणि खांब रंगवलेले असतील तर मात्र गाडी उलटलेली असू शकते. तिथून परत फिरा.

मग पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला किती गाड्या बुडाल्या हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात आलेल्या गाडीचं पासिंग कुठलं आहे यावरून काहीच कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ किंवा कुबट वास आहे का? सीटच्या रुळांवर, स्टेपनीच्या खोलगट जागेत, डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर गंज आहे का? गालिचा उचलून खाली बोट फिरवा. सुगंधी स्प्रेचा भडिमार असेल तर नाक जास्तच खुपसा. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी राहिलेली गाडी असेल तर जॅक लावून खालचा पत्रा बघा.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचे टायर वेगवान गाडीला नकोत. चारी टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने पैसे कुठे वाचवले ते कळलं. आणखी कुठे वाचवले असतील याचा विचार करा.

आता चालू करा. स्वतः बाहेर उभं राहा, मालकाला किल्ली फिरवू दे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या बाजूने खडखड आली तर टायमिंग चेनचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीचा) संशय. १.२ टीएसआय या एकाच नावाखाली फोक्सवॅगनची दोन पिढ्यांची इंजिनं आली, आधीच्यात चेन आणि नंतरच्यात बेल्ट. समोरच्या गाडीत काय आहे हे चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीतली थोडी वाफ चालते, पण पांढरा, गोडसर वासाचा धूर टिकून राहिला तर कूलंट आत जातंय.

तपासा: कूलंटच्या टाकीत गुलाबी-जांभळा रंग हवा. हिरवं दिसलं तर भलतंच कूलंट भरलंय; साधं पाणी दिसलं तर बहुधा कुठेतरी गळती होती आणि नळाच्या पाण्यावर भागवलं गेलं.

## टप्पा ५: स्कॅन

पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल इंजिनापुरतं बोलतो, गिअरबॉक्सशी बोलत नाही. पोलोसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हनसारखं, सगळे मॉड्यूल वाचणारं साधन लागतं. टप्पा २ मधला मेकॅनिक इथे कामाला येतो.

तीन गोष्टी बघायच्या. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये कोड आहेत का, साठलेले आणि आत्ताचे दोन्ही. कोड नोंदला गेला तेव्हाचे किलोमीटर काय होते. मीटरपेक्षा ते जास्त असतील तर मीटर मागे फिरवलाय, वाद संपला. आणि इंजिनाचे रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्याच घेतलेल्या चाचण्या) पूर्ण आहेत का. सगळी पाटी कोरी आणि मॉनिटरही अपूर्ण असतील, तर कालच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अशा वेळी "दोन-तीन दिवस चालवा, मग पुन्हा स्कॅन करतो" एवढंच म्हणायचं. ज्याने पुसलेत तो सहसा परत फोन करत नाही.

इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय का, म्हणजे रिमॅप, हेही याच वेळी विचारून घ्या. डीक्यू२०० हा गिअरबॉक्स २५० एनएमपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. कंपनीचे १७५ एनएम वाढवत त्या मर्यादेच्या जवळ नेलेली आणि पाच वर्षं तशीच पळवलेली गाडी मी फुकट दिली तरी घेणार नाही. "विकण्याआधी परत स्टॉक केलंय" याने क्लचची झीज परत येत नाही.

## टप्पा ६: आता चालवा

इथपर्यंत गाडी टिकली असेल तरच. किमान चाळीस मिनिटं, म्युझिक बंद, एसी आधी बंद आणि मग चालू. हायवेला पळवायची घाई नको. हायवेवर सगळ्याच गाड्या छान असतात. पहिली वीस मिनिटं गर्दीत घाला, गिअरबॉक्स तापू द्या.

- डी मध्ये ब्रेक सोडून हळू सरकू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर, झटका? क्लच झिजलेत.
- सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना मागून कुणी ढकलल्यासारखं वाटतं का?
- डी, रिव्हर्स, डी असं बदला. प्रत्येक वेळी गिअर पडायला एक-दीड सेकंदापेक्षा जास्त लागू नये.
- उतारावर रिव्हर्समध्ये वर चढवा. तळघर पार्किंगचा रॅम्प यासाठी उत्तम. जळका वास आला तर संपलं.
- मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर वर आणि खाली घ्या. एकाआड एक गिअर गायब असतील तर एका बाजूचा क्लच किंवा मेकॅट्रॉनिक.
- खड्ड्यांच्या रस्त्यावर काचा खाली करून सस्पेन्शनचा आवाज ऐका.

मग मोकळ्या रस्त्यावर या. तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. ओढ एकसारखी वाढत गेली पाहिजे. शिट्टी थोडी चालते. कर्कश ओरडणं किंवा मध्येच हवा निसटल्याचा आवाज म्हणजे टर्बो नाहीतर एखादा पाइप. जोरात ब्रेक मारा, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. हे स्वस्तात होतं, पण भावात धरा.

मॅन्युअल गाडीला क्लचची परीक्षा सोपी आहे. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय.

सावधान: चालवून झाल्यावर त्याच जागी बोलणी करू नका. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच घरी जा.

## टप्पा ७: भाव, टोकन, ताबा

घरी बसून यादी करा: टायर, ब्रेक, थकीत चलान, विम्याचं नूतनीकरण, स्कॅनमध्ये निघालेलं काम. प्रत्येकासमोर गॅरेजवाल्याने दिलेला आकडा लिहा. ही यादी मालकाला पाठवा आणि तुमचा भाव सांगा. गाडीची निंदा करू नका. हौसेने ठेवलेल्या गाडीचा मालक दुखावला की भाव कमी होत नाही, सौदाच मोडतो.

टोकन छोटं आणि लेखी: "बोजा उतरवणे आणि चलान भरणे मालकाकडे, न झाल्यास टोकन परत". उरलेली रक्कम बँकेतून, आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात. ताबा घेताना मूळ आरसी, पॉलिसी, पीयूसी, सर्व्हिसची बिलं, फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर केलेल्या सह्या आणि दोन्ही किल्ल्या. दुसरी किल्ली "घरी कुठेतरी आहे" असं असेल तर नव्या किल्लीचा आणि कोडिंगचा खर्च वजा करा. डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही, वेळही लिहा. ताबा दुपारी तीनला घेतला असेल तर तीनच्या आधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं.

## टप्पा ८: आरटीओ आणि विमा

ही कामं एजंटवर सोडून विसरली जातात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत हस्तांतराची माहिती द्यायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागू शकते, आधी चौकशी करा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर त्याला एवढं सांगा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईत मालक तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरटीओच्या दारात उभा असतो.

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळत नाही, फरकाची रक्कम भरावी लागते. पावसाळ्यासाठी इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई) मिळत असेल तर घ्या. गाडीत बदल केलेले असतील तर कंपनीला कळवलेले आहेत का तेही बघा, नाहीतर क्लेमच्या दिवशी तोच मुद्दा काढला जातो. फास्टॅग जुन्या मालकाचा असतो. तो त्याला बंद करायला सांगा, तुमचा नवा घ्या.

## टप्पा ९: पहिले पंधरा दिवस

गाडी घरी आली की महाबळेश्वर नाही, गॅरेज. मागच्या मालकाने "परवाच सर्व्हिसिंग केलंय" असं सांगितलं असलं तरी:

१. इंजिन ऑइल आणि फिल्टर. पोलोच्या १.२ टीएसआयला फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं ऑइल लागतं. ते डब्यावर लिहिलेलं असतं. फक्त ५डब्ल्यू४० बघून घेऊ नका.
२. ब्रेक ऑइल, डॉट ४. हे दोन वर्षांत पाणी शोषतं आणि घाटात ब्रेकचं पॅडल मऊ पडतं. लोक विसरतात ते हेच.
३. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, कूलंट.
४. टायर सहा वर्षांवरचे असतील तर चारही, मग अलाइनमेंट. मूळ मापाचेच घ्या.
५. बॅटरी जुनी असेल तर बदला. कमी व्होल्टेजमध्ये डीएसजी नसती नाटकं करतो आणि लोक मेकॅट्रॉनिक बदलत बसतात.

हा पाचवा मुद्दा माझ्या मावसभावाने पूर्ण पगार घालून शिकलाय. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला होता. शेवटी निघाली मेलेली बॅटरी, तीही गिअरबॉक्स उतरवल्यावर.

हे झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर शांतपणे चालवा आणि ऑइलची पातळी पुन्हा बघा.

## टप्पा १०: रोजचं चालवणं

डीएसजीला इंचाइंचाने सरकणं सोसत नाही. रांगेत पुढच्या गाडीला दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग सरळ पुढे जा आणि पूर्ण थांबा. ब्रेक नीट दाबला की क्लच सुटतो. अर्धवट सोडून ठेवला की घासत राहतो. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तरंगत ठेवू नका. पार्क करताना ब्रेक दाबून ठेवा, आधी हँडब्रेक ओढा, मग पी.

लांब पळवून आल्यावर टर्बोला मिनिटभर श्वास घेऊ द्या. खोपोलीकडून घाट चढून वर थांबताच लगेच किल्ली काढणारे बघितले की मला त्यांच्या टर्बोची काळजी वाटते.

ऑइल दर १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडी फक्त रविवारी निघत असली तरी वर्ष म्हणजे वर्ष. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला आणि गाडी किती इथेनॉलसाठी बनलीय हे टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये वाचा. ती ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) नसेल तर मेकॅनिककडून दर सर्व्हिसला इंधनाचे रबरी पाइप बघून घ्या, आणि टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नका.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या भुयारी मार्गात गाडी घालायची नाही, पुढची बस गेली म्हणून तर अजिबात नाही. आत जाऊन इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. पहिल्यांदा बंद पडलेलं इंजिन बरेचदा वाचतं, दुसऱ्यांदा किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. टो करून न्या.

मोठ्या आवाजाचा एग्झॉस्ट, खाली केलेलं सस्पेन्शन, रिमॅप यांचा मोह तिसऱ्या महिन्यात होतो. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, चौकातला हवालदार ते रोज स्पष्ट करतो. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या टायरवर आणि ब्रेक पॅडवर खर्चा, गाडी खरोखर वेगळी वाटते.

शेवटचं, एक वही. प्रत्येक बिल, तारीख, किलोमीटर. वर्षअखेरीला बेरीज करा. त्या वर्षीचा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला असेल आणि गिअरबॉक्सचं काम अजून बाकीच असेल, तर गाडी चालू अवस्थेत असतानाच विकायला काढा. दुखणं काय आहे ते घेणाऱ्याला सांगा, वही त्याच्या हातात द्या, आणि तो टेस्ट ड्राइव्हची घाई करायला लागला तर आधी बॉनेटवर हात ठेवायला सांगा.